प्रवेशपत्र ‘पोहोचले’, पण दिसले नाही: एका शिक्षणसंस्थेच्या ईमेलचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण दूरस्थ पद्धतीने अभ्यासक्रम चालवणाऱ्या एका शिक्षणसंस्थेचे आहे. संस्थेची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. निर्णयांचा क्रम आणि त्यांमागची कारणे मात्र होती तशीच ठेवली आहेत.

विद्यार्थ्यांशी या संस्थेचा जवळजवळ सगळा व्यवहार ईमेलवर चालत असे. नोंदणीची पोच, पासवर्ड बदलण्याचा दुवा, शुल्काची पावती, परीक्षेचे वेळापत्रक, प्रवेशपत्र आणि निकाल हे सगळे एकाच डोमेनवरून (ईमेल पत्त्यात @ नंतर येणाऱ्या नावावरून) जात होते, आणि त्याच डोमेनवरून दर आठवड्याला एक वार्तापत्रही निघत होते. वार्तापत्राची यादी संस्था सुरू झाल्यापासून केवळ वाढत आली होती. तिच्यात आजी-माजी विद्यार्थी होते, कधीतरी एखादी चौकशी करून गेलेले लोक होते, कार्यशाळेत कागदावर पत्ता लिहून दिलेले होते आणि प्रवेशाचा अर्ज अर्धवट सोडून दिलेलेही होते. यादीतून पत्ते काढण्याचा विचार कधी झाला नव्हता, कारण यादी मोठी असणे हीच वार्तापत्र सांभाळणाऱ्या विभागाची जमेची बाजू मानली जात होती.

डोमेन एक असले तरी मेल निघण्याची ठिकाणे अनेक होती. कार्यालयाची पत्रे एका व्यावसायिक मेल सेवेतून जात, वार्तापत्र घाऊक मेल पाठवणाऱ्या दुसऱ्या सेवेतून जाई, पावत्या शुल्काच्या प्रणालीतून निघत, आणि परीक्षा विभागाचा स्वतःचा एक जुना सर्व्हर होता. याशिवाय माजी विद्यार्थ्यांना संस्थेच्या डोमेनवरचा कायमचा पत्ता दिलेला होता आणि त्यावर आलेला मेल त्यांच्या खाजगी पत्त्यावर पुढे पाठवला जात होता. या सगळ्यांची एकत्रित नोंद कोणाकडेही नव्हती.

समस्या

एका परीक्षेच्या तोंडावर मदतकक्षाकडे प्रवेशपत्र न मिळाल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. परीक्षा विभागाने सर्व्हरच्या नोंदी तपासल्या तेव्हा प्रत्येक तक्रारदाराचा मेल पोहोचल्याचे दिसत होते. विभागाला वाटले की विद्यार्थी नीट पाहत नाहीत, आणि विद्यार्थ्यांना वाटले की संस्था खोटे बोलते आहे. प्रत्यक्षात दोघेही आपापल्या जागी खरे होते.

पाठवणाऱ्या सर्व्हरला समोरून २५० हा संकेत मिळाला, की तो मेल पोहोचल्याची नोंद करतो. या संकेताचा अर्थ एवढाच असतो, की समोरच्या सर्व्हरने मेल स्वीकारला. तो इनबॉक्समध्ये ठेवायचा की स्पॅम फोल्डरमध्ये, हा निर्णय त्यानंतर होतो आणि पाठवणाऱ्याला तो कळवला जात नाही. पत्ताच अस्तित्वात नसेल तर मेल ५५० या संकेतासह परत येतो आणि चूक उघड होते. स्पॅममध्ये गेलेला मेल कधीच परत येत नाही. त्यातच जीमेलच्या स्पॅम फोल्डरमधील मेल ३० दिवसांनी आपोआप पुसला जातो, त्यामुळे लवकर पाठवलेली काही प्रवेशपत्रे विद्यार्थ्याने शोध घेईपर्यंत तिथेही उरलेली नव्हती.

वार्तापत्राच्या अहवालात मात्र धोक्याची कोणतीही खूण दिसत नव्हती, कारण मेल उघडले जाण्याचे प्रमाण चांगले होते. सप्टेंबर २०२१ पासून ॲपलच्या मेल ॲपमध्ये असलेली गोपनीयतेची सोय मेलमधील चित्रे वाचकाने मेल उघडण्याची वाट न पाहता आधीच उतरवून घेते, आणि अदृश्य चित्रावरून मोजलेले ‘उघडले’ हे आकडे तेव्हापासून विश्वासाचे राहिलेले नाहीत. संस्था मात्र याच आकड्यांवर निश्चिंत होती.

तपासात काय आढळले

सर्व ठिकाणांहून चाचणीचे मेल पाठवून त्यांचे संपूर्ण हेडर (मेलच्या प्रवासाची आणि तपासण्यांची नोंद असलेल्या ओळी) वाचले, तेव्हा चित्र स्पष्ट होऊ लागले. ईमेल वाहून नेणारा मूळ नियमसंच १९८२ मधला असून पाठवणारा खरोखर तोच आहे का, हे पडताळण्याची व्यवस्था त्यात नव्हती. ती उणीव नंतरच्या तीन व्यवस्थांनी भरून काढली आहे. डोमेनच्या वतीने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात हे एसपीएफ सांगते, मेलवर डोमेनची सही डीकिम करते, आणि या दोन्हींचा निकाल वाचकाला दिसणाऱ्या पत्त्याशी जुळतो का, व जुळला नाही तर काय करावे, हे डीमार्क सांगते.

संस्थेची एसपीएफ नोंद होती, पण ती निकामी झाली होती. प्रत्येक नव्या सेवेबरोबर तिच्यात एक भर पडत गेली आणि बंद झालेल्या सेवांची नावे कोणी काढली नाहीत. एसपीएफ तपासताना डीएनएसकडे, म्हणजे डोमेनच्या नोंदी सांगणाऱ्या इंटरनेटवरील निर्देशिकेकडे, जास्तीत जास्त १० वेळाच विचारणा करता येते. मर्यादा ओलांडली की तपासणी कायमची चूक म्हणून संपते. इथे नेमके तेच होत होते.

वार्तापत्राचा दोष वेगळा होता. टपालाच्या पाकिटावर एक नाव आणि आतल्या पत्राखाली दुसरेच नाव असावे, तशी त्याची स्थिती होती. एसपीएफ पाकिटावरचा, म्हणजे परतीचा पत्ता तपासते, आणि तो घाऊक सेवेच्या डोमेनचा होता. डीकिमची सहीही सेवेच्याच नावाची होती. दोन्ही तपासण्या उत्तीर्ण होत होत्या, पण त्या सेवेसाठी. वाचकाला दिसणाऱ्या संस्थेच्या नावाची खात्री त्यांतून मिळत नव्हती. परीक्षा विभागाच्या जुन्या सर्व्हरवर तर डीकिमची सहीच नव्हती आणि त्याच्या आयपी पत्त्याची (इंटरनेटवरील क्रमांकाची) उलट नोंदही, म्हणजे क्रमांकावरून नाव सांगणारी नोंदही, नीट केलेली नव्हती. म्हणजे सर्वांत महत्त्वाचा मेल सर्वांत दुबळ्या वाटेने जात होता. डीमार्कची नोंद कुठेच नव्हती.

समोर असलेले पर्याय

पहिला प्रस्ताव नवे डोमेन घेण्याचा आला. जुन्या डोमेनची पत, म्हणजे मेल सेवांच्या लेखी असलेली विश्वासार्हता, गेली असेल तर नव्याने सुरुवात करावी, असा त्यामागचा विचार होता. तो नाकारला गेला आणि माझ्या मते ते योग्यच झाले. नव्या डोमेनची पत चांगली नसते, ती मुळी नसतेच. शिवाय स्पॅम पाठवणारेही सतत डोमेन बदलत असल्यामुळे कोऱ्या डोमेनवरून अचानक निघालेल्या हजारो मेलकडे संशयानेच पाहिले जाते. विद्यार्थ्यांच्या बाजूने पाहिले तर अनोळखी डोमेनवरून आलेले प्रवेशपत्र आणि फसवणुकीचा मेल यांत फरक करणे त्यांना कठीण गेले असते.

दुसरा प्रस्ताव स्वतंत्र आयपी पत्ता घेण्याचा होता. अनेक ग्राहकांच्या सामायिक पत्त्यावर शेजाऱ्यांच्या वागणुकीचा फटका बसतो हे खरे, पण स्वतंत्र पत्त्याची पत टिकवायची तर त्यावरून रोज नियमित आणि पुरेसा मेल जावा लागतो. या संस्थेचा मेल लाटांसारखा जात होता: सहा दिवस शांतता आणि एक दिवस वार्तापत्राची गर्दी. अशा वापराला चांगल्या सेवेचा सामायिक पत्ताच अधिक सोयीचा होता.

विषयाच्या ओळीतील ‘मोफत’ किंवा ‘सवलत’ असे शब्द टाळण्याचा उपाय वार्तापत्र विभागाने आधीच करून पाहिला होता आणि त्याने काही बदलले नव्हते. मोठ्या मेल सेवांच्या स्पॅम ओळखणाऱ्या गाळण्या आज एखाद्या शब्दापेक्षा पाठवणाऱ्याची पत आणि वाचकांची वागणूक यांना बरेच जास्त वजन देतात. प्रवेशपत्र पासवर्ड लावलेल्या झिप फाइलमधून पाठवण्याची परीक्षा विभागाची पद्धत मात्र खरोखर घातक होती, कारण अशा फाइलच्या आत गाळणीला डोकावता येत नाही आणि घातक फाइली पाठवणारेही हीच युक्ती वापरतात.

अखेर ठरले ते असे: आधी प्रत्येक मेलवर संस्थेची स्वतःची ओळख उमटवायची, मग यादीकडे वळायचे. दरम्यान विद्यार्थ्यांना स्पॅम फोल्डर पाहण्याची सूचना द्यायची आणि प्रवेशपत्र लॉगिन केल्यावर संकेतस्थळावरही उपलब्ध ठेवायचे. ही शेवटची सोय तात्पुरती म्हणून केली होती, पण पुढे ती कायम झाली.

पहिला टप्पा: ओळख

डीमार्कची नोंद सुरुवातीला केवळ निरीक्षणाच्या धोरणावर ठेवली. या धोरणात अडवले काहीच जात नाही, पण मोठ्या मेल सेवा संस्थेच्या नावाने आलेल्या मेलचा साधारण रोज एक गोषवारा पाठवू लागतात. त्या अहवालांतून सगळ्यांना अनपेक्षित असे एक ठिकाण उघड झाले: ग्रंथालयाची प्रणाली पुस्तके परत करण्याची स्मरणपत्रे संस्थेच्या नावाने पाठवत होती आणि ती कोणाच्याही गणतीत नव्हती. संस्थेच्या नावाने शुल्क मागणारे फसवे मेलही त्याच अहवालांत दिसले.

इथे पहिला खरा मतभेद झाला. फसवे मेल पाहिल्यावर व्यवस्थापनाला डीमार्कचे धोरण त्याच दिवशी ‘नाकारा’ असे करायचे होते. तांत्रिक गटाचा आक्षेप असा होता, की परीक्षा विभागाचा सर्व्हर अजून सही करत नाही, त्याची एसपीएफ तपासणी कोसळते आहे, आणि या अवस्थेत ‘नाकारा’ म्हटले तर फसव्या मेलबरोबर प्रवेशपत्रेही दारातूनच परत जातील. दोन्ही बाजूंना वजन होते. नाकारलेला मेल निदान परत येतो आणि पाठवणाऱ्याला कळते, ही गोष्ट स्पॅममध्ये गुपचूप जाण्यापेक्षा बरी, असेही एकाने मांडले आणि तो मुद्दा मला आजही पटतो. तरीही परीक्षा जवळ असल्याने थांबण्याचा निर्णय झाला.

त्यानंतरचे काम किचकट पण सरळ होते. एसपीएफमधील मृत नावे काढली. घाऊक सेवेचा परतीचा पत्ता संस्थेच्या उपडोमेनवर (मुख्य डोमेनच्या नावाआधी शब्द जोडून केलेल्या शाखेवर) आणला. मेलमधील दुवे सेवेच्या सामायिक डोमेनवरून फिरून जात होते, तेही संस्थेच्या उपडोमेनवर आणले. प्रत्येक ठिकाणी डीकिमची २०४८ बिटांची किल्ली बसवली; सही पडताळण्यासाठी ती डीएनएसमध्ये लिहून ठेवावी लागते. डीएनएसच्या मजकूर नोंदीत एका तुकड्यात २५५ अक्षरांपेक्षा अधिक मावत नाहीत, त्यामुळे ही किल्ली दोन तुकड्यांत लिहावी लागते, आणि एका ठिकाणी ती तशी न लिहिल्यामुळे सही सतत नापास होत राहिली. परीक्षा विभागाचा सर्व्हर बंद करून त्याचा मेल वैयक्तिक सूचना पाठवणाऱ्या सेवेकडे सोपवला आणि त्यासाठी वेगळे उपडोमेन घेतले. झिप फाइल जाऊन तिच्या जागी लॉगिनचा दुवा आला. सगळे वैध मेल अहवालांत सलग जुळताना दिसल्यावर मुख्य डोमेनचे धोरण आधी ‘बाजूला ठेवा’ आणि नंतर ‘नाकारा’ असे केले.

अनपेक्षित वळण: तक्रारी वाढल्या

वार्तापत्रावर संस्थेची स्वतःची सही आल्यानंतर गूगलच्या पोस्टमास्टर टूल्समध्ये (पाठवणाऱ्याला आपल्या मेलची जीमेलमधील स्थिती दाखवणाऱ्या सोयीत) तक्रारींचे प्रमाण प्रथमच दिसू लागले, आणि ते पुढच्या काही आठवड्यांत वाढत गेले. सुधारणा केल्यावर स्थिती बिघडली असे समजून व्यवस्थापनाने केलेले बदल मागे घेण्याचा विचार बोलून दाखवला. पूर्ण प्रकरणातील सर्वांत नाजूक क्षण हाच होता.

हा आकडा कसा काढला जातो, ते समजून घेतल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही. इनबॉक्समध्ये पोहोचलेल्या मेलपैकी किती मेल वाचकांनी स्पॅम म्हणून चिन्हांकित केले, एवढेच तो सांगतो. जो मेल थेट स्पॅममध्ये जातो, त्याच्याविरुद्ध सहसा कोणी तक्रार करत नाही, कारण तो कोणाला दिसतच नाही. म्हणजे पूर्वीची शांतता ही समाधानाची नव्हती. ओळख सिद्ध झाल्यावर अधिक वार्तापत्रे इनबॉक्समध्ये पोहोचू लागली, आणि ज्यांना ती नको होती त्यांना प्रथमच ती नाकारण्याची संधी मिळाली. पाठवणारा कोण आहे, हे एसपीएफ आणि डीकिम सिद्ध करतात. त्याचा मेल वाचकाला हवा आहे का, हा प्रश्न त्यांच्या कक्षेत येत नाही.

गूगल आणि याहू यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर केलेले आणि फेब्रुवारी २०२४ पासून लागू झालेले नियम या टप्प्यावर निर्णायक ठरले. दिवसाला ५,००० किंवा त्याहून अधिक मेल जीमेलच्या वैयक्तिक खात्यांना पाठवणारा गूगलच्या लेखी घाऊक पाठवणारा ठरतो, आणि एकदा तसा ठरला की तो दर्जा पुढेही राहतो. वार्तापत्राच्या दिवशी संस्था ही मर्यादा ओलांडत होती. अशा पाठवणाऱ्याचे तक्रारींचे प्रमाण ०.१ टक्क्याच्या खाली असावे आणि ०.३ टक्क्यापर्यंत कधीच पोहोचू नये, अशी अपेक्षा आहे. हजार वाचकांमागे तीन तक्रारी म्हणजे ही वरची मर्यादा. वार्तापत्राच्या दिवशी संस्था तिच्या पुढे होती.

लोक स्पॅमचे बटण का दाबतात, याचे उत्तर संस्थेच्याच पानावर सापडले. वार्तापत्र बंद करण्यासाठी आधी लॉगिन करावे लागत होते. वर्षांपूर्वी अर्ज अर्धवट सोडलेल्या माणसाकडे पासवर्ड असण्याचे कारणच नव्हते, आणि त्याच्यापुढे स्पॅमचे बटण हा एकच सोपा मार्ग उरत होता. हेडरमध्ये एका टिचकीत सदस्यत्व बंद करण्याची सोय लगेच दिली. तिच्यात केवळ दुवा उघडल्याने सदस्यत्व बंद होत नाही, मेल ॲपला वेगळी विनंती पाठवावी लागते. त्यामुळे सुरक्षेसाठी सगळे दुवे उघडून पाहणाऱ्या यंत्रणांकडून कोणाचे नाव चुकून कमी होत नाही. अशी विनंती दोन दिवसांत अमलात आणण्याचे बंधनही नव्या नियमांत आहे.

यादीचा निर्णय

यादी छाटण्याला वार्तापत्र विभागाचा विरोध होता. प्रत्येकाला एक शेवटचे पुष्टीपत्र पाठवावे आणि होकार न देणाऱ्यांनाच वगळावे, असा त्यांचा आग्रह होता, आणि वरवर तो न्याय्य वाटतो. अडचण अशी, की वर्षानुवर्षे मूक असलेल्या पत्त्यांपैकी काही मालकांनी सोडून दिलेले असतात आणि त्यांतले काही पुढे स्पॅम पकडण्याचे सापळे म्हणून वापरले जातात. जीमेलसाठी तर गूगलने डिसेंबर २०२३ पासून दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती पुसायला सुरुवात केली आहे. सगळ्यांना एकाच वेळी पाठवलेले पुष्टीपत्र म्हणजे परत येणारे मेल, तक्रारी आणि सापळे यांना एकाच दिवशी दिलेले आमंत्रण ठरले असते.

म्हणून मध्यम मार्ग काढला. गेल्या वर्षभरात लॉगिन, शुल्कभरणा, उत्तर किंवा दुव्यावरची टिचकी यांपैकी काहीही केलेल्यांना यादीत ठेवले. मेल उघडल्याची नोंद वर सांगितलेल्या कारणाने पुरावा मानली नाही. ज्यांच्याकडून दोन वर्षांच्या आत काहीतरी खूण मिळाली होती, त्यांना छोट्या तुकड्यांत पुष्टीपत्र पाठवले. उरलेल्यांना काहीही न पाठवता वगळले. नव्या सदस्यांसाठी पत्त्यावर आलेल्या दुव्यावरून होकार देण्याची अट घातली, त्यामुळे चुकीचा पत्ता लिहिला गेल्याने भलत्याच माणसाला वार्तापत्र जाणे थांबले.

परिणाम

यादी निम्म्याहून लहान झाली आणि वार्तापत्रातील दुव्यांवर येणाऱ्यांची संख्या जवळजवळ तेवढीच राहिली. जे पत्ते गेले, त्यांच्यामागे वाचक नव्हतेच. तक्रारींचे प्रमाण बहुतेक दिवशी ०.१ टक्क्याच्या खाली आले. पुढच्या परीक्षेच्या वेळी प्रवेशपत्र न मिळाल्याच्या तक्रारी तुरळक होत्या आणि त्या विद्यार्थ्यांना संकेतस्थळावरून प्रवेशपत्र घेता आले.

ही सुधारणा सगळीकडे एकाच वेगाने झाली नाही. प्रत्येक मेल सेवा पत स्वतंत्रपणे मोजते, आणि जीमेलमध्ये स्थिती सुधारल्यानंतरही दुसऱ्या एका सेवेच्या ग्राहकांकडे मेल बराच काळ स्पॅममध्ये जात राहिला. तिथे धीराने, नियमितपणे आणि फक्त प्रतिसाद देणाऱ्यांनाच मेल पाठवत राहण्याखेरीज दुसरा उपाय नव्हता. मे २०२५ पासून मायक्रोसॉफ्टनेही आउटलूकच्या वैयक्तिक खात्यांना दिवसाला ५,००० हून अधिक मेल पाठवणाऱ्यांसाठी एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क आवश्यक केले, तेव्हा संस्थेला नवे काही करावे लागले नाही.

काय वेगळे करता आले असते

वैयक्तिक सूचना वार्तापत्रापासून वेगळ्या करण्याचे काम अगदी पहिले हवे होते. प्रवेशपत्र हरवले तर विद्यार्थ्याचे एक सत्र वाया जाऊ शकते. वार्तापत्र हरवले तर फार काही बिघडत नाही. दोघांची पत एकाच डोमेनवर बांधलेली ठेवणे हा या प्रकरणाच्या मुळाशी असलेला दोष होता, आणि तो सर्व ठिकाणे दुरुस्त होईपर्यंत तसाच राहिला.

डीमार्कविषयीचा वादही वेगळ्या रीतीने मिटवता आला असता. मुख्य डोमेनवर थांबणे योग्यच होते, पण परीक्षेसाठी घेतलेल्या नव्या उपडोमेनवरून कोण मेल पाठवते हे पहिल्या दिवसापासून पूर्णपणे माहीत होते. त्याच्यासाठी स्वतंत्र डीमार्क नोंद करून ‘नाकारा’ हे धोरण लगेच लावण्यात काहीच धोका नव्हता. व्यवस्थापन आणि तांत्रिक गट दोघेही मुख्य डोमेनच डोळ्यांपुढे ठेवून भांडत राहिल्यामुळे हा मार्ग उशिरा सुचला, आणि तोवर परीक्षेच्या नावाने फसवे मेल पाठवणे सोपेच राहिले.

ओळख दुरुस्त झाल्यावर तक्रारींचा आकडा चढू शकतो, हे व्यवस्थापनाला आधी सांगायला हवे होते. ते न सांगितल्यामुळे योग्य काम अर्ध्यावर मागे घेतले जाण्याची वेळ जवळजवळ आली होती.

माजी विद्यार्थ्यांच्या कायमच्या पत्त्यांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. पुढे पाठवलेल्या मेलची एसपीएफ तपासणी मोडते. डीकिमची सही मजकूर न बदलल्यास टिकते. पण त्या पत्त्यांवर येणारा खराखुरा स्पॅमही संस्थेच्याच सर्व्हरवरून पुढे जातो आणि त्याचा डाग संस्थेच्या आयपी पत्त्यावर पडतो. पुढे पाठवताना मूळ तपासणीचा निकाल सोबत जोडणारी आर्क ही व्यवस्था बसवली आहे, तिच्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे मात्र घेणारी सेवा ठरवते. पुढे पाठवणे बंद करून माजी विद्यार्थ्यांना स्वतंत्र मेलपेटी द्यायची, की पत्ते टप्प्याटप्प्याने मागे घ्यायचे, यावर संस्थेत विचार चालू आहे. तोपर्यंत हे पुढे पाठवणे वेगळ्या आयपी पत्त्यावर नेऊन ठेवले आहे, म्हणजे निदान त्याची झळ कार्यालयाच्या आणि परीक्षा विभागाच्या मेलला लागणार नाही.